ही गोळी सुटणार कधी?

पंचवटीत आमचं मेडिकल आहे. चोवीस वर्षं मी काउंटरच्या आतल्या बाजूला उभी आहे आणि चिठ्ठी पुढे सरकवताना सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला प्रश्न एकच आहे : "ताई, ही गोळी एकदा लागली की सुटत नाही ना?" बरेच जण डॉक्टरांसमोर गप्प बसून येतात आणि मग मला विचारतात. गेल्या आठवड्यात मखमलाबादच्या एका मावशींनी विचारलं, तेव्हा त्यांच्यामागे उभे असलेले दादाही ऐकायला पुढे सरकले. गर्दीत दोन मिनिटांत जेवढं सांगता येतं तेवढं मी सांगते, पण ते पुरत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून शुगरच्या, वजनाच्या आणि पाळी जाण्याच्या वयातल्या औषधांबद्दल आज बसून लिहिते आहे.

मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. कोणाचं औषध चालू करणं किंवा बंद करणं माझ्या हातात नाही. ते अंगात जाऊन काय करतं आणि कसं घ्यायचं, हे सांगणं मात्र माझं कामच आहे.

'लागली' हा शब्द आपण तंबाखूला वापरतो, दारूला वापरतो. शुगरची गोळी तशी लागत नाही. मेटफॉर्मिनचंच उदाहरण बघा. साठ-पासष्ट वर्षांहून जुनं औषध, 1957 साली फ्रान्समध्ये माणसांवर पहिल्यांदा वापरलं गेलं. आपण रात्री झोपलेलो असतो तेव्हाही यकृत साखर तयार करून रक्तात सोडत असतं. डायबेटीसमध्ये ते गरजेपेक्षा जास्त सोडतं. मेटफॉर्मिन मुख्यतः त्याला आवर घालतं, आणि गोळी घेतो आहोत तोवरच घालतं. बंद केली की यकृत पुन्हा आपल्या जुन्या वळणावर जातं. मग माणूस म्हणतो, "बघा, गोळी सोडली की शुगर वाढते, म्हणजे सवय लागली." सवय लागलेली नसते. आजार जिथे होता तिथेच असतो.

आणि तो वाढताना काही कळत नाही, हीच खरी अडचण. गोदावरीला पूर आला की आपण नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, सगळ्या नाशिकला कळतं. शुगर चढताना असा मारुती कुठे दिसत नाही. पाय बधिर होईपर्यंत, नजर अंधुक होईपर्यंत माणूस धडधाकट हिंडत असतो. तीन महिन्यांची शुगर म्हणतात ती तपासणी, एचबीए1सी, हाच आपला मारुती समजा. "मला काही त्रास नाही म्हणून मी सोडली," असं म्हणणारे लोक आठवड्यातून दोन तरी भेटतात आणि प्रत्येक वेळी माझ्या पोटात गोळा येतो.

मेटफॉर्मिन जेवणासोबत किंवा जेवल्या जेवल्या घ्यायचं, म्हणजे मळमळ, जुलाब कमी होतात. एसआर किंवा एक्सआर लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी तोडायची, कुटायची नाही. बरीच वर्षं चालू असेल तर व्हिटॅमिन बी12 तपासून घ्यायचं, आणि किडनीचा रिपोर्ट वर्षातून एकदा तरी डॉक्टरांना दाखवायचा. हातापायाला मुंग्या येतात ते दर वेळी शुगरमुळेच असतं असं नाही. कधी बी12 कमी पडलेलं असतं.

पण सगळ्या शुगरच्या गोळ्या एकसारख्या नसतात, हे मी पुस्तकात शिकले होते आणि घरात अनुभवलं. माझ्या सासूबाईंना मेटफॉर्मिनसोबत ग्लिमेपिराइड होती. आषाढी एकादशीला त्यांनी सकाळी नेहमीसारखी गोळी घेतली आणि "भगर संध्याकाळीच खाईन" म्हणून देवळात गेल्या. साडेबाराच्या सुमारास शेजारच्या वहिनींचा फोन आला. मी पोचले तेव्हा त्या ओट्यावर बसलेल्या, पदर घामानं भिजलेला, हात थरथरत होते, आणि मला त्या माझ्या नणंदेच्या नावानं हाक मारत होत्या. मशीन लावलं, शुगर 46, फारच उतरलेली. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, थोडी चढली होती, मग खायला दिलं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या स्वादुपिंडाला ढकलून इन्शुलिन काढायला लावतात. पोटात अन्न असो वा नसो, त्या ढकलतातच. नुसतं मेटफॉर्मिन असतं तर बहुधा असं झालं नसतं. त्या दिवसापासून आषाढी, महाशिवरात्र, नवरात्र जवळ आलं की मी या गोळ्या घेणाऱ्या प्रत्येकाला विचारते, "उपास करता का? मग आधी डॉक्टरांना विचारून घ्या."

तिसरी तऱ्हा डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनची. ही जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर काढते. एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट मार्च 2025 मध्ये संपलं आणि किंमत एकदम खाली आली, त्यामुळे आता ती खूप चिठ्ठ्यांवर दिसते. लघवीच्या जागी खाज आली तर लाजू नका, सांगा, साधं औषध असतं त्यावर. आणि उलट्या-जुलाब चालू असताना, खाणंपिणं बंद असताना ही गोळी तशीच रेटू नका, फोन करून विचारा. हिच्याबाबत आणखी एक लक्षात ठेवा. हृदयाला आणि किडनीला जपण्यासाठीही ती देतात. म्हणून "शुगर नॉर्मल आली, आता सोडू का?" याचं उत्तर या गोळीला वेगळं आहे. ती कशासाठी दिली आहे, हे आधी विचारा.

मग खरंच कोणाची सुटतच नाही का? सुटते. 2017 मध्ये ब्रिटनमधल्या डायरेक्ट नावाच्या अभ्यासाचे निकाल आले. डायबेटीस होऊन सहा वर्षांच्या आत असलेले, इन्शुलिन न घेणारे, वजन जास्त असलेले लोक त्यात होते. देखरेखीखाली अगदी कमी उष्मांकाच्या आहारावर ठेवल्यावर वर्षभरात 46 टक्के लोकांची शुगर गोळीशिवाय आटोक्यात आली. ज्यांनी 15 किलो किंवा जास्त वजन उतरवलं, त्यांच्यात हे प्रमाण 86 टक्के होतं. पुढे वजन परत चढलं तशी अनेकांची शुगरही परत आली. म्हणजे सुटण्याची वाट आहे, पण ती आजाराच्या सुरुवातीला रुंद असते आणि डॉक्टरांना सोबत घेऊनच चालायची असते. व्हॉट्सअ‍ॅपवरचा काढा पिऊन एका सोमवारी सगळ्या गोळ्या फेकून देणं ही ती वाट नव्हे.

इन्शुलिनचंही तेच. लोक त्याला शेवटची पायरी समजतात. टाइप 1, म्हणजे शरीर स्वतः इन्शुलिन जवळजवळ तयारच करत नाही असा डायबेटीस, असेल तर ते जन्मभर लागतंच. पण ऑपरेशनच्या वेळी, गरोदरपणात, मोठ्या इन्फेक्शनमध्ये चालू केलेलं इन्शुलिन नंतर अनेकांचं बंद होतं. घेत असाल तर एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. आपल्याकडे बाटलीतलं इन्शुलिन एका मिलीला 40 युनिटचंही मिळतं आणि 100 युनिटचंही. 40 च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, 100 च्या बाटलीला केशरी टोपणाची. 100 ची बाटली आणि लाल टोपणाची सिरिंज अशी गल्लत झाली तर वीसच्या रेघेपर्यंत भरलेलं इन्शुलिन पन्नास युनिट होतं. मी बाटली आणि सिरिंज काउंटरवर शेजारी शेजारी ठेवून दाखवल्याशिवाय देत नाही.

आता वजनाकडे येते. 'सुटणार कधी' हा प्रश्न जिथे खरोखर विचारायला हवा, तिथे तो कोणीच विचारत नाही. मार्च 2025 मध्ये टिर्झेपाटाइड हे वजन उतरवणारं इंजेक्शन भारतात आलं, जूनमध्ये वजनासाठीचं सेमाग्लुटाइड आलं, आणि तेव्हापासून गंगापूर रोडपासून सिडकोपर्यंतची माणसं विचारत येतात, "ते आठवड्याचं इंजेक्शन आहे का?" किती दिवस घ्यायचं, हे विचारणारे बोटांवर मोजण्याइतके. बहुतेकांच्या मनात मुलीचं लग्न असतं, तोवर उतरलं की झालं.

ही औषधं आतड्यात तयार होणाऱ्या संप्रेरकासारखी वागतात. जेवण पोटात जास्त वेळ थांबतं, आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला लवकर जातो. गुण येतो, मोठा येतो. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या अभ्यासात 68 आठवड्यांत सरासरी जवळपास 15 टक्के वजन उतरलं. पण त्याच अभ्यासातल्या ज्या लोकांवर औषध थांबवल्यावर लक्ष ठेवलं, त्यांचं उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश वजन वर्षभरात परत आलं. भूक परत येते, कारण भूक आवरणारं औषध आता अंगात नसतं. म्हणून हे इंजेक्शन कोणी मागितलं की मीच उलटा प्रश्न विचारते : नंतरचं काय ठरलंय? शिवाय वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात. डाळ, उसळ, अंडी, जे चालत असेल ते भरपूर नाही खाल्लं आणि अंगाला जोर पडेल असा व्यायाम नाही केला तर माणूस बारीक होतो आणि जिना चढताना थकतो. स्वादुपिंडाला पूर्वी सूज येऊन गेली असेल, पित्ताशयात खडे असतील, घरात कोणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइडचा कर्करोग असेल तर हे डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं.

सेमाग्लुटाइडची गोळीही मिळते, ती डायबेटीससाठी. सकाळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी, जेमतेम अर्धा कप साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढचा अर्धा तास काही नाही. चहासुद्धा नाही. एक काका तीन महिने ती चहाच्या घोटाबरोबर घेत होते. एवढी महागडी गोळी, आणि गुण येत नव्हता म्हणून डोस वाढवायचं चाललं होतं.

आणि कृपा करून वजन उतरवायला थायरॉइडची गोळी मागू नका. थायरॉइड चांगला असताना ती घेतली तर छाती धडधडते, हाडं झिजतात.

राहिली पाळी जाण्याच्या वयातली औषधं. याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं असतं आणि काउंटरवर सगळ्यात कमी बोलता येतं, कारण शेजारी कोणीतरी उभं असतं.

माझी पाळी सत्तेचाळिसाव्या वर्षी थांबली. आपल्याकडे साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसला थांबते, पाश्चात्त्य देशांपेक्षा चारपाच वर्षं आधी. मला छातीतून वाफ निघाल्यासारखं व्हायचं, ती मानेवरून कानांपर्यंत चढायची. जानेवारीत, नाशिकची थंडी असताना, मी रात्री दोन वाजता गॅलरीत उभी राहायचे आणि घरातले सगळे गोधड्या घेऊन झोपलेले. असं रात्री तीनतीनदा. दिवसा चिठ्ठीवरचे डोस मला दोनदा वाचावे लागायला लागले, तेव्हा मी घाबरले आणि डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रक्तदाब बघितला, स्तनांची मॅमोग्राफी करून घेतली, घरातला इतिहास विचारला आणि इस्ट्रोजेन या हार्मोनची जेल लिहून दिली, सोबत रात्री घ्यायची प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल. दोन्ही गोष्टी मी दोन महिने कपाटात ठेवल्या. कॅन्सरची भीती माझ्याही मनात होती.

ती भीती बरीचशी 2002 सालच्या एका अमेरिकन अभ्यासातून आली. हार्मोन घेणाऱ्या बायकांमध्ये स्तनाचा कर्करोग वाढलेला दिसला म्हणून तो मध्येच थांबवला, आणि जगभर बायकांनी औषधं टाकून दिली. त्यातला वाढीव धोका दर वर्षी दहा हजार बायकांमागे आठ जणींचा होता. शिवाय त्या बायकांचं सरासरी वय 63 होतं, वाफा येण्याचं वय सोडून बरंच पुढचं. नंतर आकडे वयानुसार वेगळे करून बघितले, तेव्हा साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलं तर बहुतेक निरोगी बायकांना धोक्यापेक्षा फायदा जास्त, असं दिसलं. नोव्हेंबर 2025 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या औषधांवरचा चौकटीतला मोठा इशारा काढायचं जाहीर केलं. याचा अर्थ सगळ्यांनी घ्यावं असा नाही. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झालेली, पक्षाघात झालेला, यकृताचा आजार असेल तर बहुधा हे औषध तुमच्यासाठी नाही. त्यांच्यासाठी हार्मोन नसलेली औषधंही आहेत, ती विचारा.

गर्भपिशवी असेल तर नुसतं इस्ट्रोजेन चालत नाही, पिशवीचं अस्तर वाढतं, म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉन लागतं. "कॅप्सूलनं झोप येते म्हणून फक्त जेल लावते," असं एका वहिनींनी सांगितलं तेव्हा मी काउंटरच्या बाहेर येऊन त्यांना बाजूला घेतलं आणि समजावलं. झोप येते म्हणून तर ती रात्री दिलेली असते. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक डाग जरी दिसला, औषध चालू असो वा नसो, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. कोरडेपणासाठी आत लावायचं क्रीम वेगळं असतं. त्याचा डोस अगदी थोडा आणि काम तेवढ्या जागेपुरतंच. ते नुसतं मागायला बायका किती संकोचतात, मी रोज बघते.

माझी जेल आता तीन वर्षं चालू आहे. दर वर्षी डॉक्टर विचारतात, अजून हवी का, आणि आम्ही दोघी मिळून ठरवतो. कमी करत करत ती एक दिवस बंद होईल. वाफा तेव्हा परत येतील किंवा येणारही नाहीत. ज्या औषधाला बायका सगळ्यात जास्त भितात, ते सोडता येण्यासारखं आहे. वजनाचं जे इंजेक्शन नवरा-बायको मिळून हौसेनं मागायला येतात, ते सोडणं अवघड आहे. हे मला या काउंटरवर उभं राहून कळलं.

दुपारी दोन ते चार दुकानात गर्दी नसते. घरात असतील तेवढ्या सगळ्या औषधांच्या स्ट्रिप एका पिशवीत घालून आणा, बंद केलेल्याही आणा. आठवड्यातून एकदा घ्यायची व्हिटॅमिन डीची 60,000 ची पुडी रोज घेणारे तीन जण मला या वर्षी अशा पिशवीतूनच सापडले. मी प्रत्येक स्ट्रिपवर मराठीत पेनानं लिहून देईन, ही काय करते आणि कधी घ्यायची. मग 'कधी सुटणार' हे डॉक्टरांना विचारायला जाताना ती पिशवी बरोबर न्या.