पार्ट बदलला, थर तसाच

रिपेअरला आलेली केटल मी आधी कानाजवळ धरून हलवतो. खुळखुळली तर आत काहीतरी सुटलेलं असतं. ही खुळखुळली नाही, आणि तिथंच मी फसलो.

लातुरात नीटची तयारी करणारी पोरं भरपूर. हॉस्टेलच्या खोलीत गुपचूप केटल ठेवतात. चहा त्यातच, मॅगी त्यातच, अंडीही त्यातच. पाणी बोअरचं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं गाव आमचं. पाणी आलं की भरून ठेवायचं, ते जड की हलकं हे इथं कोण विचारतंय!

त्या मुलीची केटल दीड लिटरची, १५०० वॅटची. पाणी उकळायच्या आधीच खटकन बंद पडायची. मी तळ खोलला, थर्मोस्टॅट बदलला, कपभर पाणी उकळून दाखवलं आणि २५० रुपये घेतले.

चौथ्या दिवशी पोरगी परत दारात. "काका, तसंच होतंय."

"रिकामी चालवली असशील, माय."

"नाही हो काका, अर्धी भरूनच लावते."

मला रागच आला होता, खोटं कशाला बोलू. झाकण उघडून केटल उन्हात धरली. आत तळाचं स्टील दिसतच नव्हतं. करडा-पांढरा थर, भाकरीच्या पापुद्र्यासारखा फुगलेला. नखानं टोकरला तर चुरा निघाला. पाण्यात विरघळलेला चुना तापला की तळावर बसतो. त्या थरामुळं खालच्या कॉईलची उष्णता पाण्यात जातच नव्हती. तळ नुसताच भाजत होता, आणि केटल रिकामी आहे असं समजून खालची पत्ती करंट तोडत होती. म्हणजे मी काढून टाकलेला थर्मोस्टॅट धडधाकट होता. ड्रॉवरमध्ये पडलेला.

हात स्क्रूड्रायव्हरकडे गेला होता, पण आवरला. ओरखडे पडलेल्या स्टीलवर पुढं गंज धरतो. घरी तांब्या-पितळेला चिंच लावतात म्हणून आधी चिंच कोळून ओतली. पाणी तपकिरी झालं, थर जागचा हलला नाही. मग शेजारच्या किराणा दुकानातून लिंबूसत्त्व आणलं. लिंबंही चालतात, पण एका केटलला पाच-सहा पिळावी लागतात. उन्हाळ्यात ते परवडतंय कुणाला?

अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन चमचे टाकले. तळातून सुर्रर्र आवाज यायला लागला, सोड्याची बाटली फोडल्यासारखा. मुलगी वाकून बघत होती. "कार्बन डायऑक्साइड, काका!" दोन दिवसांनी पेपर, आणि बाई इथं बुडबुडे बघतीय.

फेस अजून वाढावा म्हणून मी खायच्या सोड्याचा डबा उघडला, तर तिनं माझा हातच धरला. "ॲसिडमध्ये बेस टाकला की दोन्ही वाया. फेस दिसेल, पण थर कोण खाणार?" वीस वर्षं मी लोकांना सोडा-लिंबू सांगत आलोय. गप डबा बंद केला.

एक चूक मात्र माझी मीच केली. घाई म्हणून ते पाणी खळखळ उकळलं, तर तळाला नवीच पांढरी पूड बसली. ते सत्त्व आणि चुना मिळून जे बनतं ते गार पाण्यात जितकं विरघळतं तितकं उकळत्यात विरघळत नाही. ओतून दिलं, ताजं कोमट केलं आणि तासभर नुसतं ठेवलं. मग हळूहळू पापुद्रे सुटून वर तरंगायला लागले. दुसऱ्या फेरीला तळ चकचकीत. साध्या पाण्यानं खळाळून दोनदा पाणी उकळून फेकलं. केटल बुडवून धुतली नाही. खाली वायरिंग असतं.

जुनाच थर्मोस्टॅट परत बसवला. पाणी उकळलं, भसाभस वाफ आली, आणि मग खट्.

२५० रुपये तिच्या हातावर ठेवले. "लिंबूसत्त्वाचे तरी घ्या," म्हणाली. वीस घेतले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच त्या हॉस्टेलच्या तीन पोरी शटरसमोर उभ्या, प्रत्येकीच्या पिशवीत केटल.