हात न पोचणारी जागा

निफाडचा पारा उतरल्याची बातमी पेपरात आली की दोन दिवसांत माझ्या पाठीला कंड सुटतो. तोही नेमका दोन फऱ्यांच्या मधोमध, जिथे हात ना वरून पोचतो ना खालून. ज्या खोबरेल तेलाने बरं वाटावं, ते नेमकं याच दिवसांत बाटलीत गोठून बसलेलं.

आजोबांना ही अडचण नव्हती. पंचवटीतल्या वाड्याला सागवानी चौकट होती. संध्याकाळी ते तिला पाठ टेकून, डोळे मिटून, म्हैस झाडाला अंग घासते तसे सावकाश वरखाली होत. आजी कुरकुरायची, "अहो, पोरं बघतायत!" पोरं बघायची आणि थोड्या वेळाने स्वतःच खाजवायला लागायची. जांभईसारखंच आहे ते.

१६६० साली साम्युएल हाफेनरेफर या जर्मन वैद्याने व्याख्या केली : जिच्यामुळे खाजवावंसं वाटतं ती नकोशी संवेदना म्हणजे खाज. थोर माणूस! खाज म्हणजे काय, तर खाजवावंसं वाटतं ते.

खाज म्हणजे सौम्य वेदनाच, असं पुढे बराच काळ मानलं जाई. मग २००७ मध्ये झोऊ-फेंग चेन यांच्या गटाने उंदरांच्या मज्जारज्जूत खाजेशी निगडित असलेला एक ग्राही, म्हणजे पेशीवरचं संदेश टिपणारं प्रथिन, दाखवला. तो नसलेले उंदीर खाजवायचे कमी, वेदना मात्र त्यांना नेहमीसारखीच जाणवायची. म्हणजे खाजेचं बिऱ्हाड वेगळं.

आम्हाला शाळेत याहून सोपा प्रयोग माहीत होता. एकाने त्र्यंबकच्या रानातून खाजकुइलीची शेंग आणून मास्तरांच्या खुर्चीवर झटकली होती. (मार मात्र सगळ्या वर्गाने खाल्ला.) तिच्या सोनेरी कुसळांत अंगावर गांधी उठवणारं हिस्टामिन नव्हे, तर प्रथिनं तोडणारं एक विकर (एन्झाइम) खाज आणतं, हे शेली आणि आर्थर यांनी १९५५ मध्येच दाखवलं होतं. म्हणून तर हिस्टामिनला अडवून गांधी उतरवणारी गोळी प्रत्येक खाजेला लागू पडत नाही. माझ्या पाठीला तर नाहीच. गोळीने झोप तेवढी छान लागते.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "आंघोळ कडक पाण्याने करता ना?" आता डिसेंबरात नाशिककर दुसरं काय करणार? कढत पाणी आणि साबण त्वचेचा तेलकटपणा धुऊन नेतात, तिला बारीक भेगा पडतात आणि मज्जातंतू चाळवतात. कोमट पाणी घ्या, अंग ओलसर असतानाच मलम चोळा, नखं कापा. हट्टी इसबासाठी आता डुपिलुमॅबसारखी इंजेक्शनं आहेत, डायलिसिसवरच्या रुग्णांच्या खाजेसाठी वेगळं औषध आहे. माझ्या वाट्याला मलमच.

आणि खाजवायचं नाही! नख ओढलं की हलकी वेदना होते, ती खाजेला घटकाभर दाबते. पण त्या वेदनेवर उतारा म्हणून मेंदू सेरोटोनिन सोडतो आणि तेच खाजेला पुन्हा उठवतं. सावकारी व्यवहार आहे हा. कळतं सगळं.

पण मधोमध मलम लावणार कोण? बायको लावते. "वर... अजून वर... डावीकडे... तुझी नाही, माझी डावी..." तिसऱ्या दिवशी तिने बाटली माझ्याच हातात दिली.

वाडा पाडून झाला. फ्लॅटच्या चौकटी गुळगुळीत ग्रॅनाइटच्या, पाठ नुसती घसरते. काल रात्री सगळे झोपल्यावर मी स्वयंपाकघरातल्या फ्रीजचा कोपरा गाठला. जमतंय असं वाटेपर्यंत आतून आवाज आला, "अहो, वरची बरणी पडेल!"