माटोळीच्या बाया आणि कलम 6

2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार शहराच्या विक्रेता समितीत निदान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनीच निवडून दिलेले लागतात, आणि त्यांत एक तृतीयांश बायका. शिवाय निदान 10 टक्के जागा स्वयंसेवी आणि वस्तीतल्या संस्थांच्या. अशा एका जागेवर मी उत्तर गोव्यातल्या एका पालिकेच्या समितीत गेले. तोवर माझं काम घरभेटी आणि लोकांचे अर्ज भरून देणं एवढंच. कलमं वाचायचा मला कंटाळाच होता.

विक्रेत्यांचं सर्वेक्षण झालं एप्रिलमध्ये. रोज सोपो, म्हणजे बाजारातल्या जागेची पट्टी, भरणारे सगळे यादीत आले. गणेश चवथीआधी दोन-तीन दिवस सत्तरी-पेडण्याकडून माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या फळापानांच्या आराशीचं, सामान घेऊन उतरणाऱ्या बाया एप्रिलमध्ये दिसणार कुठून? त्यांतल्या एकीच्या घरी मागच्या चवथीला गेले होते. पडवीभर घागऱ्या, कांगण्या, आंबाडे अशी माटोळीची रानफळं. फळं झडू नयेत म्हणून केळीच्या सोपटानं बांधलेल्या जुड्या, वर ओलं गोणपाट.

यादीत नाव घालायला अर्ज घेऊन पुन्हा तिच्याकडे गेले, तर कलम 5 आडवं आलं. विक्रीचं प्रमाणपत्र मिळण्याआधी, उपजीविकेचं दुसरं साधन नाही, असं विक्रेत्यानं लिहून द्यायचं असतं. ती म्हणाली, "बाय, म्हजें शेत आसा. फट कशी मारूं?" शेत असताना खोटं कसं सांगू, असं.

मग मी सहा पानी निवेदन लिहिलं. परंपरा, रानमेवा, बायकांचे कष्ट, सगळं होतं त्यात. बैठकीत ते दोन मिनिटांत बाजूला पडलं. एका अधिकाऱ्यानं शांतपणे विचारलं, "मॅडम, हे कुठल्या कलमाखाली?" राग आला, पण प्रश्न रास्त होता.

दुसरं निवेदन एका पानाचं. कलम 6 मध्ये प्रमाणपत्रासाठी एका जागी बसणारा आणि फिरता, यांशिवाय 'योजनेत नमूद केलेला इतर प्रवर्ग' अशी सोय आहे, आणि ती योजना राज्य सरकार करतं. म्हणून दोनच मागण्या ठेवल्या: योजनेत हंगामी प्रवर्ग घालायची शिफारस करा, आणि तोवर चवथीपुरती वेगळी पावती द्या. कलम 5 केंद्राच्या कायद्यातलं, ते आमच्या हातात नव्हतं. भाजीवाल्या सदस्यांनी आधी नाकं मुरडली, कारण जागा त्यांच्याच पसऱ्याशेजारची जाणार होती. त्यांना समजावण्यात दोन संध्याकाळी गेल्या. कलमं वाचण्यापेक्षा ते जड गेलं.

पावती मंजूर झाली, तीन दिवसांची, याच वर्षापुरती. शिफारशीचं पत्र पणजीला गेलंय, उत्तर यायचंय. तिला सांगायला फोन केला, तर तिनं एवढंच विचारलं: नळाजवळची जागा मिळेल ना, जुड्यांवर पाणी मारायला?