कॅसेट-पीसी अपडेट: ४ टीबी हार्ड डिस्क ठरली, आली आणि बसली

तर मंडळी, जुन्या कॅसेट पीसीवर उतरवून ठेवायचं, जागेअभावी अडलेलं काम सुटलं एकदाचं. २४ बिट ९६ किलोहर्ट्झ स्टिरिओला (म्हणजे सीडीपेक्षा वरच्या दर्जात) रेकॉर्ड केलं की तासाला साधारण २ जीबी खातं, म्हणजे ९० मिनिटांची एक कॅसेट ३ जीबीच्या वर, त्यात खरखर काढलेली कॉपी वेगळी ठेवली की दुप्पट. जुनी १ टीबी तर भरत आलीच होती, त्यात डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो प्रोग्रामने पेंडिंग सेक्टरच्या (नीट वाचता न येणाऱ्या कप्प्यांच्या) ओळीपुढे पिवळा ठिपका दाखवायला सुरुवात केली. आता गावच्या भजनी मंडळाच्या कॅसेट काही परत रेकॉर्ड होणार नाहीत, मूळ टेपच चिकटायला लागल्यात, त्यामुळे नवी डिस्क लगेच घ्यायचं ठरवलं.

मशीन जुनंच आहे, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड आणि चौथ्या जनरेशनचा इंटेल आय५ प्रोसेसर. "जुन्या पीसीला २ टीबीच्या वर चालत नाही" हे दुकानातही ऐकायला मिळतं आणि ते अर्धंच खरं आहे. डिस्कचे भाग पाडायच्या जुन्या एमबीआर पद्धतीत सेक्टरचा नंबर ३२ बिटचा असतो, ५१२ बाइटचा सेक्टर धरला तर गणित २.२ टीबीलाच संपतं, नव्या जीपीटी पद्धतीला ती अडचण नाही. विंडोज ज्या डिस्कवरून सुरू होतं ती जीपीटी असेल तर यूईएफआय (पीसी सुरू करणाऱ्या जुन्या बायोसचा नवा अवतार) लागतं, पण माझं विंडोज एसएसडीवर आहे, ही फक्त डेटाची डिस्क, म्हणून बायोसचं टेन्शनच नाही. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये नवी डिस्क इनिशियलाइझ (वापरायला तयार) करताना जीपीटी निवडायचं, बस. नंतर ३.६३ टीबी दिसली तर घाबरू नका, कंपनी हजारने मोजते आणि विंडोज १०२४ ने.

कनेक्टरचं म्हणाल तर ३.५ इंची साटा (पीसीतल्या नेहमीच्या कनेक्टरची) डिस्क जवळपास कुठल्याही नेहमीच्या डेस्कटॉपला बसते. फक्त जुन्या सर्व्हरमधून निघालेल्या स्वस्त एसएएस (सर्व्हरच्या वेगळ्या कनेक्टरच्या) डिस्क विकायला असतात त्या घेऊ नका, दिसायला तशाच पण साध्या बोर्डाला लागतच नाहीत. सीसीटीव्हीवाली वेस्टर्न डिजिटलची पर्पल किंवा सीगेटची स्कायहॉक पीसीतही चालते, दुकानदार तीच पुढे करतात कारण त्यांच्याकडे स्टॉक तिचाच असतो.

खरा घोळ आहे एसएमआर आणि सीएमआरचा, म्हणजे डिस्कवर डेटा लिहायच्या दोन पद्धतींचा, आणि माझं तर मत आहे की डिस्क निवडताना सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवावा. सीएमआरमध्ये ट्रॅक (डेटा लिहायच्या गोल रेघा) सुटे असतात, एसएमआरमध्ये ते एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, कौलांसारखे, त्यामुळे मधलं एक बदलायचं तर पुढची सगळी उचलून परत बसवावी लागतात. थोडंसं लिहिलं तर कळत नाही कारण डिस्क आधी एका कॅश भागात लिहून घेते आणि मोकळ्या वेळात आवरते, पण एका दमात शेकडो जीबी ओतले की तो भाग भरतो आणि स्पीड एकदम कोसळतो. २०२० मध्ये हे बाहेर आलं की वेस्टर्न डिजिटल, सीगेट आणि तोशिबा तिघेही काही डिस्क एसएमआर आहेत हे न सांगता विकत होते, मग वेस्टर्न डिजिटलने आपल्या रेड मालिकेतल्या सीएमआरवाल्या डिस्कना रेड प्लस नाव दिलं. त्यांच्याच ४ टीबी ब्लूमध्ये तर डब्ल्यूडी४०ईझेडआरझेड सीएमआर आणि डब्ल्यूडी४०ईझेडएझेड एसएमआर, फरक एका अक्षराचा! सीगेट बॅराकुडाची एसटी४०००डीएम००४ पण एसएमआरच. म्हणून खोक्यावरचा रंग बघू नका, स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर कंपनीच्या डेटाशीटशी ताडून बघा. मी शेवटी सीगेटची आयर्नवुल्फ घेतली, एसटी४०००व्हीएन००६, ५४०० आरपीएमची (मिनिटाला तेवढे फेरे), सीएमआर. ७२०० मुद्दाम टाळली, माईक त्याच टेबलावर असतो आणि आवाज कमी हवा होता.

जोडताना एक गोष्ट बघा, एच८१ ला चार साटा पोर्ट असतात, दोन ६ जीबीपीएसचे आणि दोन ३ चे. फिरणारी डिस्क सेकंदाला २०० एमबीच्या आसपासच जाते, त्यामुळे ती ३ वाल्यात लावली तरी काही फरक पडत नाही, वेगवान पोर्ट एसएसडीला ठेवा. पॉवरची साटा पिन कमी पडत असेल तर मोलेक्सचा (जुन्या चार पिनी पॉवर प्लगचा) जो कन्व्हर्टर प्लास्टिक ओतून बंद केलेला असतो तो नको, त्यात आत शॉर्ट होऊन जळल्याच्या तक्रारी आहेत, वायर दाबून बसवलेला घ्या.

डेटा टाकायच्या आधी क्विक फॉरमॅटची खूण काढून पूर्ण फॉरमॅट मारला, ४ टीबीला सात-आठ तास जातात पण त्यात प्रत्येक सेक्टरवर एकदा लिहिलं जातं, काही खराब असेल तर बदलून मिळायच्या मुदतीतच कळतं. स्मार्ट (डिस्कचा स्वतःचा तब्येतीचा अहवाल) स्वच्छ आहे, सगळ्या फोल्डरची कॉपी झालीय आणि चेकसमही (कॉपी हुबेहूब आहे का ते दाखवणारे आकडे) जुळले.

आता बॅकअपला आणखी एक ४ टीबी यूएसबी डबीत घालून घेणार आहे. तिथे मात्र एसएमआर चालेल, एकदा भरायची आणि कपाटात ठेवायची, सारखं खोडून लिहायचं नाहीये, आणि पैसेही वाचतील.