आमची वाटचाल : जुन्याच भोकांतून नवा दोरा

आमचा कारखाना म्हणजे कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमधलं एका गाडीचं गॅरेज. माणसं दोनच, मी आणि माझी जोडीदार. चामड्याचे पट्टे, मनगटपट्टे, हार्नेस म्हणजे छाती-खांद्यांवर बांधायचे पट्टे, पाठीवर क्लबचा बिल्ला लावायची वेस्ट म्हणजे बिनबाह्यांची जाकिटं, असं आम्ही बनवतो आणि दुरुस्तही करतो. शिवण सगळी हाताची, एक मेण लावलेला दोरा आणि त्याच्या दोन टोकांना दोन सुया. गिऱ्हाईक बहुतेक लेस्बियन बायका, अंगावरच्या चामड्याला आपली ओळख मानणाऱ्या.

माझं माहेर कोल्हापूरचं. घरात चपलांचा धंदा. वडील रापी चालवायचे, वेणी घालायची आईनं. शाळेत कुणी विचारलं तर मी ‘दुकान आहे’ एवढंच सांगायचे आणि हिरड्या-बाभळीचा वास जावा म्हणून हाताला लिंबू चोळायचे. जात कळू नये म्हणून. माझ्याबद्दलची दुसरी गोष्ट कळू नये म्हणून काय काय केलं, ते इथं सांगत बसत नाही.

सॉफ्टवेअरच्या नोकरीनं इकडे आले. सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत फॉल्सम स्ट्रीटची जत्रा भरते, चामडं अंगावर मिरवणाऱ्यांची, १९८४ पासून. तिथं साठीची एक बाई दिसली. मी आधी तिच्या वेस्टची शिवण बघितली, मग तिला. खांदा उसवत होता. म्हटलं, ‘द्या, शिवून देते.’ आमची पहिली ऑर्डर ती.

तिच्याकडूनच ऐकलं, की १९७६ च्या इथल्या प्राइड मोर्चात, म्हणजे समलिंगी लोकांच्या अभिमान मोर्चात, बायका मोटारसायकली घेऊन पुढं होत्या आणि १९७८ मध्ये ‘सॅमॉइस’ नावाचा, चामडं मिरवणाऱ्या लेस्बियन बायकांचा गट उभा राहिला. तयार माल तेव्हा पुरुषांच्या मापाचा. खांद्यात ढगळ, छातीवर आवळणारा. मग बाया स्वयंपाकघराच्या टेबलावर स्वतःच कापायच्या. तिचं वेस्टही एड्सनं गेलेल्या मित्राचं, तिनं आपल्या मापाला बसवलेलं. मी शिवण उघडली तर आत त्याच्या मापाची जुनी भोकं रांगेनं तशीच. चामड्याला पडलेलं भोक बुजत नाही. खांद्याला नवीन टोचा मारलाच नाही, आहेत त्याच भोकांतून दोरा ओढला.

एकदा काळं चामडं कच्च्या रंगाचं निघालं. अकरा हार्नेस गेले, अकरा जणींचे पांढरे शर्ट काळे झाले. पैसे परत केले. तेव्हापासून प्रत्येक कातडं आधी ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघतो.

इथल्या बायका ‘लेदर’ हे नाव स्वतः होऊन लावून घेतात. आम्हाला ते जन्मताच चिकटवलेलं. गिऱ्हाइकानं विचारलं तर हा फरक मी सांगते. तो ऐकून कुणी भाव करत नाही, हा आणखी एक फायदा.

आईला बरीच वर्षं काही दाखवलं नव्हतं. शेवटी व्हिडिओ कॉलवर एक हार्नेस धरला.

‘आगं, ह्ये घालून जातात कुठं?’

‘जत्रंला.’

‘मग जरा वेणी घाल की त्याला. आन् वादी भिजवून घे आधी.’

वेणीचा पट्टा सध्या आमच्याकडे सगळ्यात जास्त खपतो.

जत्रेसाठी नव्या ऑर्डरी जुलैअखेर बंद करतो. माप घेताना वर जो शर्ट घालणार असाल तोच घाला. दुरुस्ती वर्षभर घेतो. पाठवण्याआधी तेल लावू नका, आणि तुटका दोरा उपसून टाकू नका. टाक्यांचं अंतर त्यावरूनच कळतं.