पिवळेपणा वरच्या पानांत होता

गहू पिवळा पडला की टाक युरिया, हे आमच्या भागात इतकं पक्कं बसलंय की माती तपासणीच्या कामात मला सगळ्यात जास्त झगडावं लागतं ते याच्याशीच. सिन्नर तालुक्यातल्या एका शेतात मात्र त्या दिवशी पिकानेच माझी बाजू मांडली.

पीक ३५-४० दिवसांचं. दादा बांधावर युरियाची गोणी घेऊनच उभे. "ताई, दोनदा टाकला तरी हिरवं होईना. आता परत टाकतो."

मी एक रोप उपटून त्यांच्या हातात दिलं. खालची पानं हिरवीगार, वरची कोवळी पिवळी. नत्र (नायट्रोजन, युरियातून मिळतं ते) कमी पडलं तर उलटं दिसतं. झाड जुन्या पानांतलं नत्र ओढून शेंड्याला पुरवतं, म्हणून पिवळेपणा खालून चढतो. मला गंधकाची (सल्फरची) कमतरता वाटली. गंधक तसं सहज हलत नाही, त्यामुळे कोवळं पानच आधी उपाशी राहतं. लोहाची शंका आली होती, पण लोह कमी असलं की शिरा हिरव्या राहतात. इथे अख्खं पान एकसारखं फिकट होतं.

"याआधी काय होतं?"

"सोयाबीन. दरवर्षी तेच, मग गहू. खत म्हणाल तर डीएपी अन् युरिया."

मुरमाड जमीन, सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत येणारा कार्बन) नावाला, त्यात सोयाबीन गंधक उचलणारं. डीएपीत नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस), युरियात नुसतं नत्र; या दोन्ही खतांत गंधक नाहीच! घरून मृदा आरोग्य पत्रिका, म्हणजे माती तपासणीचा अहवाल, मागवली. गंधक कमतरतेच्या रेषेच्या, म्हणजे किलोमागे १० मिलिग्रॅमच्या, बरंच खाली. कागद कपाटात पडून होता, कुणी समजावूनच सांगितला नव्हता. याची मला फार चीड येते.

दादा ९० टक्के गंधकाचे दाणे आणायला निघाले होते. मी थांबवलं. जिवाणूंनी त्याचं सल्फेट केल्याशिवाय ते मुळांना मिळत नाही, आणि थंडीत ते काम रेंगाळतं. त्यापेक्षा अमोनियम सल्फेट एकरी पाऊण गोणी, पाण्याच्या पाळीआधी. एक पट्टा मुद्दाम तसाच ठेवायला लावला.

पुढच्या पाळीला फरक रस्त्यावरून दिसत होता. शेजारचेही बघायला जमले. त्यांना सांगितलं, पेरणीला डीएपीच्या एका गोणीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन टाका. स्फुरद जवळपास तेवढंच आणि वर १६ किलो गंधक. नत्र कमी पडेल ते युरियातून द्या.

"कांद्याला चालंल का?" एकाने लगेच विचारलं.

चालेल म्हणजे काय, कांद्याला तर ते हवंच!