राज्य त्यांचं, कागद आपले

ब्रिटिश राजवटीबद्दल ब्रिटनमधल्या स्थलांतरितांचं मत विचारताना आधी पाहावं, ते कुठून आणि कोणत्या कागदावर आले.

१९४८च्या कायद्याने वसाहतींतली माणसं थेट ब्रिटिश नागरिक ठरली. त्यामुळे जमैकाहून आलेले अनेकजण परदेशी नव्हे, 'मातृदेशात' आल्याच्या भावनेने आले. १९७३पूर्वी स्थायिक झालेल्यांचा राहण्याचा हक्क कायद्याने राखला, पण तसा कागद हाती दिलाच नाही. २०१०मध्ये गृहखात्याने त्यांची आगमनपत्रंही नष्ट केली. पुढे नोकरी, घर, उपचार यांसाठी दरवर्षीच्या वास्तव्याचे पुरावे मागितले गेले. काहींना देशाबाहेरही काढलं. २०१८मध्ये सरकारला माफी मागावी लागली. इतकी निष्ठा ठेवलेल्यांचा हा अपमान मला फार संतापजनक वाटतो.

केनियातल्या भारतीयांची सल निराळी. हाती ब्रिटिश पासपोर्ट होता, तरी १९६८च्या कायद्याने ब्रिटनमध्ये प्रवेशासाठी आईवडील किंवा आजीआजोबांचा ब्रिटनशी संबंध दाखवण्याची अट घातली. गोऱ्यांना ती सहज जमे.

पंजाबी, बंगाली घरांत मात्र आधी फाळणी आणि बंगालचा १९४३चा दुष्काळ निघतो. रेल्वेचं कौतुक नंतर, तेही सगळीकडे नाही.

आणि हो, ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकाला तिथल्या संसदेसाठी मतदान करता येतं. नाव मात्र स्वतः नोंदवावं लागतं.